कोकमाच्या सालीचा लाल

महमूद होडेकरची एकच फुशारकी होती. डोळ्यांनी न पाहिलेला रंग त्याने आयुष्यात कधी कागदावर लावला नव्हता. एरवी माणूस अगदी साधा. पण बहारीनच्या हूरा भागातल्या कॅफेटेरियात चहा प्यायला बसला की पाच मिनिटांत विषय मासळीवर यायचा, दहा मिनिटांत जहाजावर, आणि पंधराव्या मिनिटाला या फुशारकीवर. ऐकणारे ग्लास ठेवून निघून गेले तरी याचं आपलं चालूच. त्याला हसावं तर त्याच्या वह्या आठवायच्या, आणि त्या वह्या ज्यांनी पाहिल्या त्यांना हसू येत नसे.

रत्नागिरीच्या राजिवड्यातून तो एकाहत्तर साली बहारीनला आला तो पाट्या रंगवायला. लाँड्री, सलून, टायरचं दुकान, काय वाटेल ते. एकदा बंदरात एका मोजणीच्या जहाजाचं नाव रंगवत असताना वरच्या डेकवर खलाशांनी गळाला लागलेला मासा टाकला. याने रंगाच्या डब्याचं झाकण उलटं केलं आणि नाव अर्धं सोडून तो मासा त्यावर काढला. जहाजावरचा म्हातारा गोरा शास्त्रज्ञ झाकण हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. पंधरा दिवसांनी महमूद त्याच जहाजातून ओमानच्या दक्षिण किनाऱ्याला निघाला होता. त्या बाजूच्या समुद्राचे नकाशे तेव्हा बरेचसे कोरे होते. तिथे काय काय जगतं ते शोधायचं आणि लिहून आणायचं, हे त्या सफरीचं काम, आणि लिहिलेलं दिसावं म्हणून चित्रकार.

अशा चार सफरी त्याने केल्या. मासा पाण्याबाहेर आला की त्याचा रंग चार मिनिटांत मरतो. म्हणून डेकवर बसून नुसती पेन्सिलीने आकृती काढायची, रंग शब्दांत टिपायचा आणि मग खाली केबिनमध्ये जाऊन रंगवायचं, ही त्याची रीत. शब्द मात्र आईच्या स्वयंपाकघरातले. 'कोकमाच्या सालीचा लाल.' 'हळदीवर तेल पडल्यावरचा पिवळा.' 'वांग्याच्या देठाजवळचा जांभळा.' गोऱ्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण चित्र रंगून आलं की तो मासा आणि चित्र शेजारी ठेवून मान हलवायचा.

त्या म्हाताऱ्याचा एक नियम होता आणि तो महमूदने कुराणाच्या खालोखाल पाळला. चित्रकाराला आधी कुणी काही सांगायचं नाही. पाणबुड्यांनी काय पाहिलं, शास्त्रज्ञांना काय वाटतं, काही नाही. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, रंगवायचं, आणि चित्र पाकिटात घालून लाखेने बंद करायचं. ते पाकीट सफर संपल्यावर सगळ्यांच्या देखत फुटायचं. म्हणजे चित्र ही साक्ष ठरते, कुणाची री ओढलेली नाही ठरत. साक्ष ठरली खरी, पण साक्षीदाराचं नाव कुठे आलं नाही. चारही सफरींची जाडजूड पुस्तकं निघाली. आत चित्रं याची, आणि खाली बारीक अक्षरांत एवढंच, 'जहाजाचा चित्रकार'. महमूदने ती पुस्तकं पलंगाखाली ट्रंकेत ठेवली होती. हे दुःख त्याने कॅफेटेरियात कधी सांगितलं नाही, बायकोला तेवढं माहीत होतं.

पुढे पाण्याखालचे कॅमेरे आले आणि महमूद परत लाँड्रीच्या पाट्यांवर आला. असं दशक गेलं. शहाण्णव सालच्या सप्टेंबरात मात्र डॉक्टर लीना बोडस त्याला शोधत हूऱ्यात आली. पुण्याची बाई, समुद्राची शास्त्रज्ञ, चार जिने चढून आली आणि दम न खाता बोलायलाच लागली.

"महमूदभाई, चौऱ्याऐंशी साली तुम्ही उत्तरेकडचा फश्त काढला होतात ना?"

फश्त म्हणजे समुद्रातली उथळ जागा. तिथल्या खडकांवर पोवळ्याचं अख्खं रान माजलेलं होतं.

"काढला होता ना, मॅडम. सात नंबरच्या वहीत आहे."

"तोच परत काढायचाय. जवळच एक कंपनी भरावासाठी वाळू उपसतेय. उपसा थांबवायचा की नाही ते एक समिती ठरवणार आहे. मी ऑगस्टमध्ये फोटो काढले, तर ते म्हणतात, उन्हाने फिल्म खराब झाली असेल. पण तुमची जुनी चित्रं समितीतल्या सगळ्यांनी पाहिलीत. तुमच्या डोळ्यांवर ते विश्वास ठेवतील." आणि ती लगेच पुढे म्हणाली, "तिथे काय आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचाच नियम आहे."

"सांगूच नका," महमूद म्हणाला.

"आणि या वेळी अहवालात तुमचं नाव छापणार. पूर्ण नाव, चित्राखाली, ठसठशीत."

महमूद आनंदला, आणि त्याच क्षणी घाबरलाही. कारण रमजान ईद झाल्यावर तो डोळे दाखवून आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरने सांगितलं होतं, आणि डावा चांगलाच पिकलाय. गेले कित्येक महिने त्याला सगळं वाफेतून बघितल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरचा तो कागद त्याने रंगांच्या पेटीत, ट्यूबांच्या खाली घडी करून ठेवला होता. ऑपरेशन म्हणजे महिना दोन महिने काम बंद. आणि एकदा डोळे गेले अशी बोंब झाली की पाट्यासुद्धा कोण देणार?

लीना जिना उतरून गेली तशी नूरबानो स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पिठाची परात तशीच.

"तुमना दिसत नाय ता त्या बाईला सांगा आदी," ती म्हणाली.

"दिसतंय मना."

"काल चायमधी साखर समजून मीठ घातलाव. ता काय जिभेचा दोस होता?"

"नूर, नाव छापणार हायत माजा. एक सफर. येवडी एक झाली का लगेच ऑपरेशन करतो. अल्लाची शप्पथ."

नूरबानोने परात खाली ठेवली. ती भांडखोर बाई नव्हती, नाहीतर त्याच दिवशी लीनाला फोन करून मोकळी झाली असती. पुढे कित्येक रात्री ती याच एका गोष्टीसाठी स्वतःला बोल लावत राहिली.

सफर चार दिवसांची. पहिल्या सफरी महिनेच्या महिने चालायच्या, त्यापुढे ही म्हणजे सहलच. पण महमूदने अकराव्या नंबरची कोरी वही घेतली, सातव्या नंबरची जुनी घेतली, आणि जुना सफरींतला सदरा इस्त्री करून घातला. मोठ्या बोटीवर लीना आणि तिचे पाणबुडे. नियमाप्रमाणे ते एका बाजूने काम करणार, आणि महमूद छोट्या होडीतून दुसऱ्या बाजूने. होडीवर बासित होता, श्रीवर्धनचा, चाळीस वर्षं समुद्रात काढलेला तांडेल.

पाणी इतकं गरम होतं की हात घातला तर अंघोळीच्या बादलीत घातल्यासारखा वाटला. बासितने होडी फश्तावर नेऊन उभी केली. महमूदने तळाला काच लावलेली लाकडी पेटी पाण्यावर टेकवली, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि वाकून खाली बघितलं.

खाली पांढरं होतं.

फांद्या होत्या, ताटांसारखे पसरलेले थर होते, मेंदूसारखे गोळे होते. आकार सगळे ओळखीचे. पण जिथे कोकमाचा लाल असायला हवा तिथे पांढरं, जिथे जुन्या गुळाचा तपकिरी तिथेही पांढरंच. त्याने डोळे चोळले. उजवा मिटून डाव्याने बघितलं, डावा मिटून उजव्याने. पांढरं. सवयीने हात वहीकडे गेला आणि त्याने लिहिलं, 'ओल्या तांदळाच्या पिठाचा पांढरा.'

मग त्याने वही मिटली. उभ्या आयुष्यात पांढरं पोवळ्याचं रान त्याने पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. पोवळं मेलं की ते उन्हात पांढरं पडतं, बाजारात विकायला येतं तसं. पण समुद्रात, उभं, अख्खंच्या अख्खं रान? असं कुठे असतं? माणूस अडचणीत सापडला की आपल्याला सोयीचं काय ते शोधत नाही, ज्याची भीती असते तेच खरं मानून बसतो. महमूदने मनाशी नक्की केलं की डोळे संपले. वाफ होती तिचं आता दूध झालं.

"महमूदभाय," बासित म्हणाला, तोही होडीच्या काठावरून खाली बघत होता, "ह्या खाली जरा येगलाच..."

"गप!" महमूद ओरडला. "एक शबूद बोलू नको. नियम म्हाईत नाय तुला?"

बासितला नियम माहीत होता, आणि म्हातारा चिडला तर दिवसभर तोंड फुगवून बसेल हेही माहीत होतं. त्याने अंगातलं लाइफ जॅकेट जरा सैल केलं आणि तो वल्ह्यावर हात ठेवून बसला. जॅकेट भडक नारिंगी होतं. महमूदला ते नारिंगीच दिसलं, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याने आकार तेवढे काढले. एकेक फांदी, एकेक ताट, जागच्या जागी. हात अजून पक्का होता. तिसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये कोऱ्या कागदासमोर बसला. पांढरं रंगवून पाकीट बंद केलं, तर समितीसमोर ते फुटेल आणि सगळ्यांना एका झटक्यात कळेल की, चित्रकार आंधळा झाला. नाव छापायचं दूरच, लीनाबाईची मान खाली जाईल. ती चार जिने चढून आली होती, तुमच्या डोळ्यांवर विश्वास आहे म्हणाली होती.

त्याने सातव्या नंबरची वही उघडली. बारा वर्षांपूर्वीचे त्याचे स्वतःचे शब्द तिथे ओळीने बसले होते. जागा तीच, आकार तेच. तो स्वतःला समजावत राहिला की, हेही मी पाहिलेलंच आहे. न पाहिलेला रंग कुठे लावतोय? फक्त डोळे तेव्हाचे आहेत. मग त्याने अकराव्या वहीतली ती पांढऱ्याची ओळ पेन्सिलीने खोडली आणि कोकमाचा लाल कालवायला घेतला.

चित्रं अशी उतरली की त्याचं त्यालाच भरून आलं. शब्द वाचायचा, आईचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणायचं आणि रंग लावायचा. डोळे लागलेच नाहीत. सहा चित्रं, सहा पाकिटं. लाख गरम करताना बोट भाजलं, तरी तो हसत होता.

समितीची बैठक माहूज भागातल्या एका कचेरीत सकाळी होती. लांब टेबल, एसीचा गारठा. अध्यक्ष कोट घातलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. कंपनीतर्फे जयेश नावाचा मुंबईचा इंजिनीयर आला होता. महमूद नवा सदरा घालून लीनाच्या शेजारी बसला. लीनाने त्याच्याकडे बघून हलकंसं स्मित केलं. दोन महिन्यांत ती नीट झोपली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आज हे एकदा उघडलं की झालं, असं ती त्याला जिन्यात म्हणाली होती.

अध्यक्षांनी लाख फोडली. पहिलं चित्र टेबलावर पसरलं.

सगळे वाकून बघू लागले. मग जयेश म्हणाला, "ब्युटिफुल! सर, धिस इज अ हेल्दी रीफ." आणि त्याने खरोखर टाळ्या वाजवल्या. त्याच्या दृष्टीने त्याचंही काही चुकलं नव्हतं.

महमूदने लीनाकडे बघितलं. चित्र बघून ती खूश होईल असं त्याला वाटत होतं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"महमूदभाई," ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "हे तुम्ही काय केलंत? तिथे सगळं पांढरं पडलंय. समुद्र तापला, पोवळं पांढरं पडलं. सगळं मरायला टेकलंय, वर उपशाचा गाळ बसला की संपलंच. माझ्या फोटोंत तेच होतं."

महमूदने परत चित्राकडे बघितलं. मग आधी आठवलं ते बासितचं जॅकेट. नारिंगी. नारिंगी दिसत होतं की! ज्या डोळ्यांना नारिंगी नारिंगी दिसतं, त्यांना लाल पांढरा कसा दिसेल? डोळे खरं सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांचं ऐकलं नाही, आणि तेही नेमकं या सफरीत.

तो ताडकन उभा राहिला. "साब, ये गलत है," तो म्हणाला. "मैंने सफेद देखा था. सब सफेद. ये रंग मैंने पुराने देखके लगाया."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "व्हाय?"

महमूदने वही पुढे केली. खोडलेली ओळ लीनाने वाचली आणि तिचं भाषांतर केलं. "ओल्या तांदळाच्या पिठाचा पांढरा," असं त्याने पहिल्याच दिवशी लिहिलंय, ती म्हणाली.

"बट इट इज क्रॉस्ड आउट," अध्यक्ष म्हणाले. "किसने काटा?"

"मैंने, साब."

"क्यूं?"

आता लपवायला काहीच उरलं नव्हतं. महमूदने रंगांची पेटी उघडली, ट्यूबांच्या खालून डॉक्टरचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "आँख में मोतिया है. मुझे लगा मेरी आँख खराब है, इसलिए सफेद दिखता है."

अध्यक्षांनी कागद वाचला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपला टाय बोटात धरला आणि शांतपणे विचारलं, "बताइए, इसका रंग कौनसा है?"

महमूदने डोळे बारीक केले. अंगातलं सगळं बळ डोळ्यांत आणलं. "काला," तो म्हणाला.

टाय गडद निळा होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"मिस्टर होडेकर," अध्यक्ष म्हणाले, "अगर आँख ठीक है, तो ये चित्र सही है. अगर आँख खराब है, तो आपका सफेद भी कैसे मानें?"

लीनाने पुन्हा फोटो पुढे केले, बासितला बोलावू या म्हणाली, परत पाणबुडे पाठवा म्हणाली. पण जे मोहोर फोडून सगळ्यांच्या देखत बाहेर पडलं होतं, त्याच्यापुढे बाकी सगळं नंतरची सारवासारव वाटत होतं. सील केलेली साक्ष नोंदली गेली. उपसा चालू ठेवायला हरकत नाही, असं ठरलं.

खाली पार्किंगमध्ये लीना गाडीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती, संतापली होती.

"तुम्ही मला एकदा विचारायचं तरी!"

"नियम होता, मॅडम."

"तुम्हाला सांगायचं नाही असा नियम होता. तुम्ही विचारायचं नाही असं कुणी म्हटलं होतं? डोळ्यांचं लपवलंत कशाला? मी तुम्हाला नेलं नसतं असं वाटलं? मी थांबले असते. ऑपरेशन होईपर्यंत थांबले असते!"

महमूद मान खाली घालून उभा राहिला. "माफ करा" म्हणावं इतकीही आपली लायकी उरली नाही असं त्याला वाटलं, म्हणून तो तेही बोलला नाही. ऊन रणरणत होतं. लीना गाडीत बसून निघून गेली. तो चालत हूऱ्याला आला.

घरी त्याचा चेहरा बघून नूरबानोने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही. "नूर," तो म्हणाला, "मी माज्या हातान मारला त्या रानाला." मग तो भिंतीकडे तोंड करून पडला, आणि तीन दिवस कामाला गेला नाही. या माणसाने असं पडून राहणं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत दुसऱ्याचं. पट्टी काढली तेव्हा नूरबानोच्या ओढणीवरची बारीक फुलंसुद्धा मोजता येत होती. तिला आनंद झाला, आणि तो मात्र डोळे मिटून घेत होता. बासित एकदा भेटून गेला. बसला, चहा प्यायला, आणि निघताना म्हणाला, "तिकडं आता मासाच नाय, भाय. गालच गाल बसलाय खडकांवर. मी त्या दिसाला बोलत व्हतो तुला..." आणि जिना उतरला.

मे महिन्यात अहवालाचं पुस्तक टपालाने आलं. लीनाने पाठवलं नव्हतं, समितीच्या कचेरीतून आलं होतं. महमूद पुडकं फोडायला तयार होईना, म्हणून आतिकाने फोडलं. आतिका त्याची धाकटी, दहावीतली, घरात कुणी मराठीत बोललं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिला सफरीचं खरं कुणी सांगितलं नव्हतं. अब्बांचे डोळे बिघडले होते आणि आता बरे झाले, एवढंच तिला ठाऊक होतं.

"अब्बा! युअर नेम! लुक!"

गुळगुळीत जाड कागद. चित्राखाली ठसठशीत अक्षरांत 'महमूद इब्राहिम होडेकर'. चष्म्याशिवाय वाचता येत होतं. वर पोवळ्याचं रान, तंतोतंत. छपाईत लाल जराही बिघडला नव्हता. कोकमाची साल पावसाळ्याच्या तोंडी हातात घेतली की जसा दिसतो, अगदी तसा. आयुष्यात इतकं चांगलं चित्र त्याने कधी काढलं नव्हतं, आणि हे आता त्याला लख्ख दिसत होतं.

"कॅन वी गो सी इट?" आतिकाने विचारलं. "बासित चाचा होडीने नेतील ना?"

स्वयंपाकघराच्या दारात नूरबानो येऊन उभी राहिली होती.

"आता तिथं काय नाय, बेटा," महमूद म्हणाला. "मी काडला तवाच काय नवता."

आतिकाला ते समजलं नाही. तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि लाल फांदीवरून बोट फिरवलं.

"बट इट लुक्स सो रिअल, अब्बा."

"व्हय," महमूद म्हणाला. "म्हणून तर सगल्यांनी खरा मानला."

आतिकाने पान उलटलं. पुढच्या पानावरचा लाल आणखी छान उतरला होता.